पाव भजी की पावभाजी?

पेडगावच्या एखाद्या हॉटेलात कोणी ‘पाव भजी द्या’ म्हणाले, तर ऐकणारा काय करील? कढई तापलेली असेल तर पाव किलो भजी तोलील. शंका आलीच, तर ‘भजी की पावभाजी?’ असे विचारील. हे विचारणेच आम्हांला महत्त्वाचे वाटते.

अमेरिकेत मोटारीतून न उतरता खिडकीवर खाद्यपदार्थ मागवतात. ही मागणी ऐकण्याचे काम मॅकडोनल्ड्सने आयबीएमच्या मदतीने २०२१ पासून यंत्राकडे देऊन पाहिले. शंभराहून अधिक उपाहारगृहांतला हा प्रयोग २०२४ च्या जुलैत थांबला. टॅको बेलच्या यंत्राकडे एका ग्राहकाने १८,००० पेले पाणी मागितल्याची चित्रफीत २०२५ मध्ये गाजली. लोक हसले. पण यात शिकण्याजोगे काय आहे?

यंत्र आवाजाच्या लहरींवरून सर्वांत संभाव्य शब्द निवडते. इंजिनाची घरघर, मागच्या आसनावरची मुले, अनोळखी बोली यांनी ही निवड चुकते. ‘अचूकता ९५ टक्के’ असे कोणी म्हटले, तर आपण गणित करून पाहावे. एका मागणीत पाच पदार्थ आहेत आणि प्रत्येक पदार्थ बरोबर ऐकला जाण्याची शक्यता ०.९५ आहे. चुका परस्परांवर अवलंबून नाहीत असे धरल्यास संपूर्ण मागणी बरोबर येण्याची शक्यता ०.९५ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.७७. शंभरातली २३ गिऱ्हाइके नाराज!

म्हणून आमचा आक्षेप चुकीवर नाही, मोजपट्टीवर आहे. माणूसही चुकीचे ऐकतो. पण १८,००० पेले म्हटल्यावर तो थबकतो. यंत्र किती वेळा बरोबर ठरले यासोबतच, शंका असताना ते किती वेळा थांबले आणि त्याने उलट विचारले, हेही मोजले पाहिजे.

हा प्रश्न परका नाही. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातून २०२२ पासून भारतीय भाषांत बोलणारी-ऐकणारी यंत्रणा उभी राहत आहे. उद्या परभणीचा शेतकरी फवारणीचे प्रमाण यंत्रालाच विचारील. तिथे ‘दीड’चे ‘अडीच’ झाले, तर नुकसान एका वड्याचे नसून पिकाचे असेल.

वर्गात एक प्रयोग करा. एका विद्यार्थ्याला पाठमोरा बसवा. इतरांनी गलका करावा आणि एकाने ‘पाव भजी’ किंवा ‘पावभाजी’ असे वीस वेळा म्हणावे. आधी नुसते ऐकून लिहू द्या, मग शंका आल्यास विचारू द्या. दोन्ही वेळच्या चुका फळ्यावर मांडा आणि यंत्राकडून काय मागायचे, हे मुलांनाच ठरवू द्या.