मान्सूनपूर्व पाऊस म्हणजे काय?

'मान्सून म्हणजे पाऊस' हे समीकरण वर्गात इतके रुळले आहे की त्यात काही खटकते असे कुणाला वाटत नाही. मग 'मान्सूनपूर्व पाऊस' म्हणजे पावसाआधीचा पाऊस का? एखाद्या विद्यार्थ्याने असे विचारले तर त्याला गप्प बसवू नये. चूक समीकरणाची आहे.

मूळ शब्द अरबी 'मौसिम'. त्याचा धातू 'खूण करणे' या अर्थाचा. म्हणून मौसिम म्हणजे ठरलेला काळ. अरबी समुद्रात शिडाच्या जहाजांचा हा काळ वारे ठरवीत : हिवाळ्यात ईशान्येचे, पावसाळ्यात नैर्ऋत्येचे. पोर्तुगीजांनी शब्दाचे 'मोन्साँव' केले, तो इंग्रजीत गेला आणि 'मान्सून' होऊन आपल्याकडे आला. 'मोसम' मात्र फारसीच्या वाटेने आधीच आला होता. तेव्हा 'मान्सून' परका आणि 'मोसमी' तेवढा अस्सल मराठी, हा आग्रह आम्हाला फोल वाटतो. दोन्ही एकाच घरची भावंडे आहेत.

वसई तालुक्यातील कळंबच्या किनाऱ्याने हे दोन्ही उच्चार ऐकले असणार. जवळचे सोपारे हे प्राचीन बंदर अरबांना ठाऊक होते, आणि वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगीजांकडे होती.

'मान्सून म्हणजे समुद्राकडून येणारा वारा' ही दुरुस्तीही पुरेशी नाही. कळंबला मे महिन्यातल्या दुपारीही वारा समुद्राकडूनच येतो. पण तो खारा वारा. त्याची जाडी साधारण एक किलोमीटर. रात्री तो पडतो आणि पहाटे जमिनीकडून मंद मतलई वाहतो. मोसमी वारा रात्री थांबत नाही आणि त्याचा थर कित्येक किलोमीटर जाड असतो. म्हणूनच केरळात मान्सून आल्याचे जाहीर करताना हवामान खाते नुसता चौदा केंद्रांवरचा पाऊस मोजत नाही. पश्चिमेकडील वारे ६०० हेक्टोपास्कलच्या पातळीपर्यंत, म्हणजे चार किलोमीटरहून वर, पोचले आहेत का हेही पाहते.

किनाऱ्यावरच्या शाळांना हे स्वतः पाहता येईल. उघड्या जागी काठीला कापडी झेंडी बांधावी आणि मेच्या मध्यापासून पहाटे व दुपारी तिची दिशा वहीत टिपावी. (सुटी असते खरी, पण मुले किनाऱ्यावरच असतात!) दुपारी झेंडी गावाकडे आणि पहाटे समुद्राकडे, असे बरेच दिवस दिसेल. मध्ये एखादी वळवाची सर येऊन जाईल, तीही नोंदवावी. मग पहाटेची झेंडीही सलग काही दिवस गावाकडेच फडफडू लागेल. ती तारीख आणि पहिल्या सरीची तारीख शेजारी शेजारी लिहावी.