सरमिसळ कीं समन्वय?

गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस मी तेल्हाऱ्यास आमच्या जुन्या घरीं गेलों होतों. मृग लागून चार दिवस झाले होते. पाऊस मात्र सातपुड्याच्या पलीकडेच अडला होता. अशा दिवसांत त्या गांवीं कपाशीच्या पेऱ्यावांचून दुसरा विषय निघत नाहीं. असें असतां शेजारच्या घरची एक मुलगी महाविद्यालयाच्या प्रवेशाचा छापील कागद घेऊन ओसरीवर आली आणि म्हणाली, "काकाजी, हे ओपन इलेक्टिव म्हंजे काय असते? याच्यात म्या काय लिहू?"

मी तिला समजावून सांगितलें कीं, आपण ज्या शाखेचें शिक्षण घेणार त्या शाखेबाहेरचा एखादा विषय येथें निवडावयाचा असतो. तिनें इतिहास हा मुख्य विषय घेतला होता. तें ऐकून ती म्हणाली कीं, असें असेल तर मला रसायनांतलें कांहीं तरी शिकावयाचें आहे. पण हें विचारण्यास ती कार्यालयांत जाऊन आलीच होती. महाविद्यालयांत कला व वाणिज्य अशा दोनच शाखा असल्यामुळें दुसऱ्या शाखेचा विषय याचा अर्थ वाणिज्याचा विषय, आणि वाणिज्याचा विषय याचा अर्थ ज्या एका अध्यापकांचा तास रिकामा आहे त्यांचा विषय, असें तिला तेथें कळलें होतें. निवड ती होती. निवडण्यासारखें कांहीं नव्हतें.

ज्या योजनेचें हें फळ आहे तिची निंदा करण्याचा माझा हेतु नाहीं. २९ जुलै २०२० रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें संमत केलेलें राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आणि त्यास अनुसरून महाराष्ट्र शासनानें २० एप्रिल २०२३ रोजीं काढलेला निर्णय हे दोन्ही मी पेन्सिल हातांत घेऊन वाचले आहेत. पदवीच्या तीन वर्षांचे १२० ते १३२ व चार वर्षांचे १६० ते १७६ श्रेयांक. त्यांत एक मुख्य विषय, एक गौण विषय, दुसऱ्या विद्याशाखेचे खुले विषय, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, क्षेत्रकार्य, समाजसहभाग, प्रत्यक्ष कामाचा अनुभव असा हा विस्तार आहे. हा निर्णय लिहिणारांस एक गोष्ट नीट उमगली होती आणि तिजबद्दल त्यांचें अभिनंदनच केलें पाहिजे. ती ही कीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं कला, वाणिज्य व विज्ञान अशा तीन दारांपैकीं एकांत मुलास ढकलून बाकीचीं दोन जन्माचीं बंद करून घेण्याची आमची रीत अडाणीपणाची आहे. भर्तृहरि वाचणाऱ्यास व्याजाचा हिशेब येऊं नये आणि औषधें बनविणाऱ्यास स्वतःच्या भाषेंत चार ओळींचें पत्र नीट लिहितां येऊं नये, अशी माणसें आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तयार केलीं व त्यांस सुशिक्षित म्हटलें.

आक्षेप आहे तो पुढें आहे. अनेक विषय एका ताटांत वाढणें निराळें आणि एका प्रश्नाकडे अनेक विषयांच्या डोळ्यांनीं पाहणें निराळें. पहिल्यास मी सरमिसळ म्हणतों, दुसऱ्यास समन्वय. एक श्रेयांक म्हणजे पंधरा तासांचें अध्यापन. दोन श्रेयांकांचा खुला विषय म्हणजे तीस तास. या तीस तासांत वाणिज्याचे अध्यापक आपलें वाणिज्य शिकवितात व निघून जातात; नंतर इतिहासाचे अध्यापक येतात व आपला इतिहास शिकवितात. दोघांची गांठ पडते ती वर्गाच्या दारांत, एक बाहेर पडतांना व दुसरा आंत येतांना. जोड घालण्याचें सर्वांत कठीण काम राहिलें तें अठरा वर्षांच्या मुलीकडे, आणि तिनें तें केलें कीं नाहीं हें कोणत्याही प्रश्नपत्रिकेंत विचारलें जात नाहीं.

यावर आमच्या पिढीचे कित्येक सद्‌गृहस्थ म्हणतात कीं, जुनें शिक्षणच बरें होतें, एक विषय घ्यावा व त्याचा तळ गांठावा. त्यांच्या स्मरणांतलें जुनें फारसें जुनें नाहीं. १८५७ सालीं स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचा पहिला बी. ए. चा अभ्यासक्रम आजच्या मानानें पाहिला तर कमालीचा संमिश्र होता: इंग्रजी, एक अभिजात भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र. १८६२ च्या पहिल्या तुकडीतले रानडे व भांडारकर हे त्या अभ्यासक्रमाचे पदवीधर. आमच्या वऱ्हाडाचाच दाखला द्यावयाचा तर गोपाळ गणेश आगरकर हे अकोल्याच्या शाळेंतून मॅट्रिक झाले. तेथील मुख्याध्यापक विष्णु मोरेश्वर महाजनी यांनीं शेक्सपिअरच्या 'सिंबेलिन'वरून 'तारा' हें नाटक लिहिलें आणि त्यांच्या या शिष्यानें पुढें 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' केलें. त्याच शिष्यानें मराठी वाक्याच्या पृथक्करणावर ग्रंथ लिहिला, 'सुधारक' चालविला, आणि फर्ग्युसन महाविद्यालयाचें प्राचार्यपद भूषविलें. नाटक, व्याकरण, समाजशास्त्र हे त्यांस तीन विषय वाटले असतील असें मला वाटत नाहीं. विवेकानें तपासण्याजोग्या गोष्टी एवढ्याच दृष्टीनें ते त्यांकडे पाहत. परंतु याचें सारें श्रेय अभ्यासक्रमास देणें भाबडेपणाचें होईल. त्याच अभ्यासक्रमांतून शेंकडों कारकूनही बाहेर पडले.

समन्वय म्हणजे काय हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांचें नाण्यांवरील काम पाहावें. कोसंबी हे फर्ग्युसनमध्यें गणिताचे अध्यापक. प्राचीन आहत नाण्यांचे ढीग संग्रहालयांत पडलेले होते. इतिहासकार त्यांवरील चिन्हांचा अर्थ लावीत आणि एकमेकांशीं भांडत. कोसंबींनीं चिन्हांआधीं वजन पाहिलें. नाणें हातोहात फिरतें तसतसें झिजतें, म्हणून जें अधिक काळ फिरलें तें हलकें. शिवाय सर्व नाणीं सारखीं झिजत नाहींत, म्हणून काळ जातो तशी त्यांच्या वजनांतली आपसांतली तफावतही वाढते. हा नियम खरा कीं खोटा हें पाहण्यासाठीं त्यांनीं आपल्या काळच्या चलनांतलीं नाणीं गोळा करून तीं तोललीं आणि मग तोच हिशेब तक्षशिलेच्या नाण्यांस लावला. नाण्याच्या मागल्या बाजूवर जितक्या खुणा अधिक तितकें वजन कमी असें त्यांस आढळलें. म्हणजे त्या खुणा वेळोवेळीं नाणें तपासतांना मारलेल्या असल्या पाहिजेत. येथें गणित हा इतिहासाच्या शेजारीं बसविलेला पाहुणा नव्हे. गणितावांचून तो इतिहास कळलाच नसता, आणि इतिहासाच्या प्रश्नावांचून त्या तागडीला कांहीं अर्थ नव्हता. याच गृहस्थांनीं १९४८ सालीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ति काढली. भर्तृहरीविषयींचें त्यांचें वर्गीय मूल्यमापन मला पटत नाहीं. कवीस त्याच्या पोटापाण्यावरून इतकें जोखूं नये असें माझें मत आहे. पण पोथ्या लावण्याच्या त्यांच्या चिकाटीपुढें आम्हां भाषेच्या अध्यापकांनीं मान खालीं घालावी.

कोणी म्हणेल, कोसंबी एखादाच. त्याच्या मापानें तालुक्याचें महाविद्यालय मोजूं नका. हें खरें आहे. म्हणून एक लहान, माझ्या स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगतों. मी इंग्रजीचा अध्यापक. पण नव्या योजनेंत वाणिज्य शाखेच्या मुलांस मराठी कथेचा आस्वाद शिकविण्याचें काम माझ्याकडे आलें. पहिल्या वर्षीं मी चार कथा, कथेचीं अंगें, वातावरण, निवेदन असें सारें तीस तासांत ओतलें, शेवटीं योग्य पर्याय निवडण्याचे प्रश्न घातले, आणि सर्व मुलें उत्तीर्ण झालीं. त्यांस काय मिळालें असें मला कोणी विचारलें असतें तर मी निरुत्तर झालों असतों. दुसऱ्या वर्षीं एका ग्रामीण कथेंतला सावकार वर्गांत आला आणि मागच्या बाकावरून एका मुलानें विचारलें, "सर, पण व्याज किती होतं?"

मला ठाऊक नव्हतें. ती कथा मी पंचवीस वर्षें वाचीत आलों, तिच्यावर बोललों, पण हा प्रश्न मला कधीं पडला नाहीं. कथेंत दर दिलेला होता: दरमहा शेंकडा तीन, मुद्दल दोनशें. पुढच्या तासाला मी वाणिज्याच्या सहकाऱ्यास बरोबर घेऊन गेलों. त्यांनीं फळ्यावर मांडलें कीं दरमहा सहा रुपये व्याज, म्हणजे चौतिसाव्या महिन्यांत तें मुद्दलाच्या पुढें जातें. आणि व्याज मुद्दलाहून अधिक मागूं नये असा आपल्याकडचा जुना दामदुपटीचा दंडक आहे. मुलांनीं पुस्तक उलगडलें. कथेंतला शेतकरी जमीन सोडतो तो तिसऱ्या पावसाळ्याच्या तोंडाशीं, म्हणजे दंडकाच्या आड सावकार येण्यापूर्वीं कांहीं महिने. त्या सावकाराची घाई, जी मी इतकीं वर्षें निव्वळ दुष्टपणा म्हणून शिकविली, ती हिशेबी घाई होती. त्या दिवशीं त्या वर्गास वाङ्मय थोडें अधिक कळलें आणि व्याजही अधिक कळलें. मला तर दोन्ही. परंतु माझे सहकारी त्या तासाला वर्गांत होते याची नोंद कोठेंही करतां आली नाहीं. वेळापत्रकाच्या एका चौकोनांत दोन नांवें मावत नाहींत.

बाहेरच्या जगांतही जेथें हा प्रयोग रुजला तेथें तो प्रश्न धरूनच रुजलेला दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ सालीं, न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयानें आधुनिक संस्कृतीवर जो सामाईक अभ्यासक्रम घातला त्याच्या मुळाशीं युद्ध व शांतता यांचाच प्रश्न होता. १९२० सालीं ऑक्सफर्डनें तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांची एक पदवी केली. उलट दिल्ली विद्यापीठानें २०१३ सालीं चार वर्षांची पदवी व सर्वांस सक्तीचे अकरा पायाभूत विषय घाईनें आणले, ते वर्षभरांतच, जून २०१४ मध्यें, मागें घ्यावे लागले.

मग तेल्हाऱ्यानें कोणता प्रश्न धरावा? मला वाटतें तो दाराशींच आहे. सातपुड्याच्या पायथ्याची पट्टी गोड्या पाण्याची. तेथें केळीच्या बागा, पानमळे, पानपिंपरी. तेथून दक्षिणेस पूर्णेकडे उतरूं लागलें कीं विहिरीचें पाणी खारट होत जातें आणि खारपाणपट्टा लागतो. अकोला, अमरावती व बुलढाणा या तीनही जिल्ह्यांत पूर्णेच्या दोहों कांठांनीं तो पसरला आहे. जमीन काळीभोर, दिसावयास देखणी, पण तिच्या विहिरीचें पाणी पिकास द्यावें तर माती फुगून चिकट होते आणि निचरा बंद पडतो. हें मीठ आलें कोठून, हा भूगर्भशास्त्राचा प्रश्न. मातींतल्या सोडियमचें करावें काय, हा रसायनाचा. तें पाणी पिणाऱ्या गांवांतून मूत्रपिंडाच्या दुखण्याच्या तक्रारी कां येतात, हा वैद्यकाचा. वान नदीवर वारी-भैरवगडापाशीं बांधलेल्या धरणाचें पाणी शेतास किती द्यावें व दूरच्या लोकांस पिण्यास किती, यावरून आंदोलनें झालीं. हा राज्यशास्त्राचा आणि न्यायाचा. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आलें, १८६१ ते १८६५ च्या अमेरिकेंतील यादवीनें येथील कापसाला सोन्याचा भाव आणला, आणि ज्या जमिनीस ओलीत मानवत नाहीं तिच्यावर कोरडवाहू कपाशीचें राज्य पक्कें झालें; हा इतिहासाचा. खारपाणांत मुलगी देऊं नये असें आमच्याकडे बोललें जातें, तो समाजशास्त्राचा. आणि पाण्याच्या चवीला वऱ्हाडी बोलींत किती शब्द आहेत, ज्या पूर्णेला पुराणांनीं पयोष्णी म्हटलें तिच्याविषयीं कांठच्या म्हाताऱ्या बायका काय सांगतात, हा भाषेचा.

यांतला एकही प्रश्न एकट्या शाखेला सुटणार नाहीं, आणि यांतल्या एकाचेंही उत्तर परगांवाहून छापून यावयाचें नाहीं. तीन अध्यापकांनीं मिळून एक वर्ष, वीस मुलें व पांच गांवें घ्यावीं. मुलांनीं दर महिन्यास त्याच विहिरींचें पाणी तपासावें. वाणिज्याच्या मुलानें एका घराचा पाण्यापायीं होणारा वर्षाचा खर्च मांडावा, इतिहासाच्या मुलीनें १९१० सालचें अकोला जिल्ह्याचें गॅझेटिअर उघडून त्या गांवांविषयीं तेव्हां काय लिहिलें होतें तें पाहावें, आणि मग सर्वांनीं एका खोलींत बसून भांडावें. उपकरणें महाग नाहींत. अकोल्यास १९६९ पासून कृषि विद्यापीठ आहे. मातीचें ज्ञान मागावयास लांब जावें लागत नाहीं. ज्या पंजाबराव देशमुखांचें नांव त्या विद्यापीठास आहे त्यांनीं विलायतेंत प्रबंध लिहिला तो वैदिक वाङ्मयांतील धर्मावर, आणि १९५२ पासून दहा वर्षें सांभाळलें तें देशाचें कृषिखातें. आमच्या भागांत ही जोड कोणाला विचित्र वाटली नाहीं.

याला जागा शासनाच्या त्याच निर्णयांत आहे, हें मला विशेष खेदानें सांगावेंसें वाटतें. क्षेत्रकार्याचे श्रेयांक आहेत, समाजसहभागाचे आहेत, चौथ्या वर्षीं संशोधनाचे आहेत. ते अनेकदां भरले जातात ते चार पानांच्या प्रतिवृत्तानें व एका छायाचित्रानें. दोष कागदाचा थोडा आणि आम्हां अध्यापकांचा अधिक. दुसऱ्याच्या वर्गांत जाऊन बसण्याची आम्हांस लाज वाटते. आपलें अज्ञान विद्यार्थ्यांदेखत उघडें पडेल हें भय तीस वर्षांच्या नोकरीनंतर वाढतच जातें. रिकाम्या राहिलेल्या जागा, तासिकेवर नेमलेले तरुण, एकाच माणसाकडे आलेले चार विषय या अडचणीही खऱ्या आहेत, आणि त्यांविषयीं कांहींच न करतां आंतरविद्याशाखीय हा भारदस्त शब्द खेड्यांतल्या महाविद्यालयावर लादणाऱ्यांस मी निर्दोष समजत नाहीं. शहरांत ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला आज हवी ती जोड मिळते. तेल्हाऱ्याच्या मुलीला त्याच नांवाची पदवी मिळेल. आंतला ऐवज तोच असेल अशी हमी मला देतां येत नाहीं.

त्या दिवशीं तिच्या कागदावर आम्ही जें होतें तेंच लिहिलें, वाणिज्याचें. लिहितां लिहितां मी सहज विचारलें कीं तुला रसायनच कां हवें होतें. ती म्हणाली कीं आजोळ पूर्णेच्या कांठचें; तिथें आजी वरणासाठीं पाणी निराळें ठेवते, कारण विहिरीच्या पाण्यांत डाळ शिजत नाहीं. तें कां, हें तिनें शाळेंत दोनदां विचारलें होतें.