दौंडचा विसर्ग : आकडा आणि बातमी

पावसाळा भरात आला की पुणे आणि सोलापूर जिल्ह्यांतील असंख्य लोकांच्या मोबाइलवर एक ओळ दिवसातून अनेकदा येऊन पडते : ‘दौंड विसर्ग ५० हजार क्युसेक’. इंद्रायणी, पवना, मुळा-मुठा यांचे पाणी पोटात घेऊन भीमा दौंडला येते आणि पुढे उजनीच्या जलाशयाला मिळते. वरच्या अंगाला किती पाऊस पडला, कोणत्या धरणातून किती पाणी सोडले, या सगळ्याची बेरीज दौंडला दिसते. सोलापूरच्या शेतकऱ्याला या आकड्यावरून उजनी भरण्याची आशा बांधायची असते. भीमेच्या एका काठाला शिरूर तालुका आणि दुसऱ्या काठाला दौंड. तेथील शेतकऱ्याला पात्रातली विद्युत मोटार आणि जनावरे कधी हलवायची ते ठरवायचे असते. इंटरनेटने जनसंपर्क आणि वृत्तमाध्यमे कशी बदलली, हे तपासायला आम्हाला याहून जवळचे उदाहरण दिसत नाही.

प्रथम या बदलाचे श्रेय त्याला देऊ. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही बरीच वर्षे पाटबंधारे खात्याची माहिती जिल्हा माहिती कार्यालयात जाई, तेथे तिचे प्रसिद्धिपत्रक होई, ते वृत्तपत्राच्या कचेरीत पोहोचे आणि वाचकाला ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळे. आकाशवाणीची बातमी त्याआधी येई, पण तिलाही ठरलेली वेळ असे. पूर मात्र कोणाच्या छपाईसाठी थांबत नाही. आज धरणाचा दरवाजा उचलल्याची सूचना काही मिनिटांत नदीकाठी पोहोचू शकते. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे अन्यायाचे होईल.

परंतु त्या जुन्या, संथ वाटेवर उपसंपादक नावाचा एक माणूस बसलेला असे. हा आकडा किती वाजताचा, कालच्यापेक्षा कमी की जास्त, वाचकाने त्यावरून काय समजायचे, हे विचारण्याचे काम त्याचे होते. सगळेच उपसंपादक ते नीट करीत असे नाही. पण काम कोणाचे, हे ठरलेले होते. आता कार्यालयाने पाठविलेला मजकूर अनेक वृत्तस्थळांवर जसाच्या तसा चढतो आणि वर एक भडक मथळा बसतो. कार्यालयाने सांगितलेले आणि पत्रकाराने तपासलेले यांतला फरक वाचकाला ओळखू येत नाही.

याचे परिणाम आकड्यांच्या वाचनात दिसतात. ‘दौंड विसर्ग एक लाख क्युसेक’ ही ओळ वाचून उजनी आता भरलीच, असे अनेकांना वाटते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. हा वाहण्याचा दर आहे, साठा नव्हे. एक लाख क्युसेकचा प्रवाह पूर्ण २४ तास टिकला तर ८.६४ अब्ज घनफूट, म्हणजे ८.६४ टीएमसी पाणी येते. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आहे. म्हणजे दिवसभरात सुमारे १६ टक्के भर पडेल. तोच प्रवाह तीन तासांत ओसरला तर भर जेमतेम दोन टक्क्यांची. प्रवाह किती वेळ टिकला हे न सांगता दिलेला विसर्ग धरणाविषयी फारसे काही सांगत नाही. शिवाय विसर्ग काढण्यासाठी सहसा नदीची पातळी मोजतात आणि पातळी व विसर्ग यांच्या आधी बसविलेल्या संबंधावरून आकडा ठरवितात. तो चांगला अंदाज असतो. शेवटच्या अंकापर्यंत काटेकोर नसतो.

दुसरे उदाहरण उन्हाळ्यातले. २०२४ मध्ये उजनीचा साठा ‘उणे ६० टक्क्यां’च्या जवळ गेला. साठा शून्याच्या खाली कसा जाईल, असा प्रश्न कोणाही विद्यार्थ्याला पडावा. ही टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. त्याच्या खाली उजनीत ६३.६६ टीएमसी मृतसाठा धरला आहे. म्हणून उणे ६० टक्क्यांनाही धरणात कागदोपत्री सुमारे साडेएकतीस टीएमसी उरते. पुण्याला पाणी पुरविणाऱ्या खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा एकत्रित उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले तर या आकड्याचा अर्थ कळेल. यातला काही भाग गाळाने व्यापला आहे आणि मृतसाठ्यातले पाणी सहजी उचलता येत नाही, हेही सांगायला हवे. ही दोन वाक्ये जोडायला फार जागा लागत नाही. ती नसली की टंचाईची भीती आणि पाणीवाटपाचे वाद मात्र वाढतात.

दोष केवळ माध्यमांचा मानण्याचे कारण नाही. ब्रिटनमधील २० विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धिपत्रके तपासून २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे ४० टक्के पत्रकांतील आरोग्यविषयक सल्ला मूळ शोधनिबंधापेक्षा अतिरंजित होता. जेथे पत्रकात अतिरंजन होते तेथे बहुतेक बातम्यांतही ते उतरले; जेथे नव्हते तेथे बातम्यांतही ते बरेच कमी आढळले. ही पत्रके वैज्ञानिकांच्याच संस्थांतून निघाली होती. तेव्हा मजकूर उगमापाशीच स्वच्छ हवा, ही जबाबदारी आम्हा संशोधकांवर आणि शासकीय कार्यालयांवरही येते.

आणखी एक गल्लत सूचना पाठविणे आणि सूचना मिळणे यांची. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडल्यावर पुण्यात सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीत पाणी शिरले. पूर्वसूचना वेळेत मिळाली नाही, अशी रहिवाशांची तक्रार होती. खाली दौंडकडे राहणाऱ्यांना निसर्ग थोडी सवड देतो : लोहमार्गाने पुणे-दौंड अंतर सुमारे ७५ किलोमीटर आहे, नदीची वळणाची वाट त्याहून लांब, आणि त्या वाटेने पाण्याला कित्येक तास लागतात. पण संदेशावर तारीख व वेळच नसेल तर या सवडीचा उपयोग नाही. पुढे ढकलत ढकलत आलेला कालचा संदेश आजचा म्हणून वाचला जातो आणि ओसरत्या पुरात धावपळ, चढत्या पुरात स्वस्थता असा उलटा प्रकार घडू शकतो.

आमचे म्हणणे असे की विसर्गाच्या प्रत्येक संदेशात पाच गोष्टी असाव्यात : ठिकाण, तारीख व वेळ, पाणी चढते आहे की उतरते आहे, खालच्या गावांना ते अंदाजे केव्हा पोहोचेल, आणि माहिती देणाऱ्या कार्यालयाचे नाव. हे घडेपर्यंत उपसंपादकाचे काम वाचकाच्या अंगावर पडले आहे, आणि वाचक घडविण्याचे काम शाळेच्या.

शिक्षकांना त्यासाठी वेगळे साहित्य लागणार नाही. पावसाळ्यातल्या एका आठवड्यात आलेले विसर्गाचे संदेश विद्यार्थ्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगावे. वरील पाच गोष्टींपैकी कोणत्या आहेत आणि कोणत्या नाहीत, याचा तक्ता करावा. वेळ दिलेल्या आकड्यांचा आलेख काढून त्याखालच्या क्षेत्रफळावरून आठवड्यात किती टीएमसी पाणी गेले ते काढावे, आणि त्याच आठवड्यात उजनीचा साठा किती वाढला याच्याशी ते ताडून पाहावे. दोन्ही उत्तरे तंतोतंत जुळणार नाहीत. ती का जुळत नाहीत, यावरची वर्गातली चर्चा हा या पाठाचा सर्वांत उपयोगी भाग ठरेल.