प्रतिकूल कब्जा : गुरुग्राम निकालाचे चिकित्सक वाचन

'हरियाणा राज्य विरुद्ध मुकेश कुमार' (2011) या खटल्यात गुरुग्राममधील (तेव्हाचे गुडगाव) खासगी जमिनीवर पोलीस खात्याचा ताबा होता. राज्याने स्वतःच दावा लावून प्रतिकूल कब्जाच्या आधारे मालकी मागितली. खालच्या न्यायालयांप्रमाणे सर्वोच्च न्यायालयानेही ती नाकारली.

आधी नियम पाहू. 1963 च्या मुदत कायद्यातील अनुच्छेद 65 नुसार मालकाने ताब्यासाठी 12 वर्षांत दावा लावला पाहिजे; तसे न केल्यास कलम 27 खाली त्याचा हक्कच संपतो. मात्र ताबा उघड, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारणारा असावा लागतो. भाडेकरू किंवा राखणदार परवानगीने राहतो. त्यामुळे 12 वर्षे राहिला म्हणून तो मालक होतो, हा समज चुकीचा आहे.

निकालाचा शेवट योग्य आहे. नागरिकांच्या रक्षणासाठी असलेल्या खात्यानेच त्यांची जमीन बळकावणे समर्थनीय नाही. पण न्यायालय तेथे थांबले नाही. हा सिद्धान्तच रद्द करावा किंवा त्याच्या अटी कडक कराव्यात, असे त्याने संसदेला सुचवले. हा भाग निकालाचा आधार नसून प्रासंगिक मत आहे, हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

या मताची मर्यादा अशी की, राज्याची दंडेली आणि कागदपत्रांशिवाय पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याचा ताबा त्यात एकाच मापाने मोजला जातो. पुढे 2019 मध्ये 'रविंदर कौर ग्रेवाल' खटल्यात त्याच न्यायालयाने प्रतिकूल कब्जाच्या आधारे वादी म्हणूनही दावा लावता येतो असे ठरवले. 2023 मध्ये विधी आयोगाच्या 280 व्या अहवालाला मुदती बदलण्याचे कारण दिसले नाही. उलट सरकारी जमिनीसाठी अनुच्छेद 112 खाली मुदत 30 वर्षे आहे. साधनसंपन्न सरकारला जास्त वेळ आणि सामान्य मालकाला कमी, ही विषमता अधिक खटकणारी आहे.

विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम 6 बेकायदा बेदखल झालेल्याला सहा महिन्यांत ताबा परत मागू देते, अगदी खऱ्या मालकाविरुद्धही. बळाने कुलूप तोडण्याला हा योग्य आळा आहे. पण तो न्याय्य ठरण्यासाठी मालकाचा दावा वेळेत निकाली निघायला हवा. तसे न झाल्यास मालकाला कायद्यापेक्षा दंडुका जवळचा वाटू लागतो. म्हणून सुधारणा सिद्धान्ताइतकीच प्रक्रियेत हवी.