पिंपाच्या फळ्या आणि उतारवयाची कोंबडी

प्रथिनांचा धडा शिकवताना लाकडी फळ्यांच्या पिंपाचे चित्र आपल्यापैकी अनेकांनी काढलेले असते. प्रत्येक फळी म्हणजे एक अमिनो आम्ल. पाणी राहणार ते सर्वांत आखूड फळीपर्यंतच. लीबिगच्या नावाने ओळखले जाणारे हे चित्र मुळात पिकांच्या पोषणासाठी होते. कोंबडीखाद्यावरील लेखनात ते आता इतके रुळले आहे की त्यावरून सरळ सल्ला दिला जातो: सोयाबीन पेंड कमी करा, आखूड फळ्यांना कारखान्यात बनलेल्या मेथिओनिन-लायसिनचे ठिगळ लावा, अंडी तेवढीच मिळतील. साठ-सत्तर आठवड्यांच्या, उतारवयाच्या कोंबड्यांनाही हाच सल्ला लागू केला जातो. तो कितपत टिकतो, हे आम्ही येथे तपासणार आहोत.

प्रथम त्यातले खरे पाहू. कोंबडीने दिवसाला 110 ग्रॅम खाद्य खाल्ले आणि त्यात 16 टक्के प्रथिन असले, तर तिला 17.6 ग्रॅम प्रथिन मिळते. 60 ग्रॅमच्या अंड्यात जाते सुमारे 7 ग्रॅम. उरलेल्यातील काही शरीराची झीज भरून काढते. पण बराचसा नायट्रोजन युरिक आम्लाच्या रूपाने विष्ठेत जातो. शेडमध्ये शिरताच नाकाला झोंबणारा अमोनिया त्यातूनच तयार होतो. तेव्हा प्रथिन कमी करण्याचा हेतू योग्यच आहे.

शिवाय प्रथिनाची टक्केवारी हा आकडाही फारसा विश्वासाचा नाही. जेल्डालच्या 1883 च्या पद्धतीने नायट्रोजन मोजायचा आणि 6.25 ने गुणायचे, एवढाच त्याचा अर्थ. मेलामाइन मिसळून याच आकड्याला फसवता येते. 2008 साली हाँगकाँगमध्ये चीनहून आलेल्या अंड्यांत मेलामाइन सापडले, ते कोंबडीच्या पोटातून आलेले होते. म्हणून गरज अमिनो आम्लवार सांगणे केव्हाही बरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या 1994 च्या तक्त्यात पांढरी अंडी देणाऱ्या कोंबडीसाठी रोज 690 मिलिग्रॅम लायसिन आणि 300 मिलिग्रॅम मेथिओनिन असे आकडे आहेत.

आता पिंप कोठे गळते ते पाहू.

मका-सोयाबीनच्या खाद्यात सर्वांत आखूड फळी मेथिओनिनची. प्रथिन आणखी उतरवत गेलो की थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन, व्हॅलिन, आयसोल्युसिन यांच्याही फळ्या आखूड पडू लागतात. म्हणजे दोन ठिगळांवर भागत नाही.

दुसरे, पेंड म्हणजे नुसती अमिनो आम्ले नव्हेत. पेंडीत पोटॅशियम भरपूर असते. पेंड घटली की तेही घटते. लायसिन सहसा हायड्रोक्लोराइडच्या रूपात मिसळतात, त्यामुळे क्लोराइड वाढते. या दोन्हींमुळे रक्ताचा तोल आम्लाकडे झुकतो, आणि कवचातील कॅल्शियम कार्बोनेटसाठी तर बायकार्बोनेट हवे असते. मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे प्रमाण बदलून हे सावरता येते. पण पिंपाच्या चित्रात त्यासाठी फळीच नाही!

तिसरा आक्षेप आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पिंपाला वय नसते, कोंबडीला असते. वय वाढते तशी अंडी संख्येने कमी आणि आकाराने मोठी होतात. कवचाचे द्रव्य मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. ते मोठ्या पृष्ठभागावर पसरते आणि पातळ होते. मेथिओनिन वाढवले की अंड्याचे वजन वाढू शकते. 'अंड्याचे सरासरी वजन टिकले' किंवा 'वाढले' हेच यश मानले, तर तडकलेली अंडी हिशेबाबाहेर राहतात. नुकसान सोसतो तो पाळणारा. प्रयोग थोड्याच आठवड्यांचा असेल, तर कोंबडी आपल्या स्नायूंतील प्रथिन मोडूनही वेळ निभावून नेते.

तेव्हा असा दावा वाचनात आला की चार प्रश्न विचारावेत: कोंबड्यांचे वय किती होते? प्रयोग किती आठवडे चालला? कोंबड्यांची वजने घेतली का? विकण्याजोगी अंडी किती निघाली?

पिंपाचे चित्र फळ्यावरून पुसावे असे आमचे म्हणणे नाही. ते काढावे, आणि मग वर्गाला विचारावे, 'या चित्रात काय काय दिसत नाही?' तेथून धड्याला खरी सुरुवात होईल.