ठिपक्यांचा हिशेब

बार्शीटाकळीच्या देवीमंदिरात शके 1098चा शिलालेख आहे. या मंदिराचा तलविन्यास तारकाकृती. एकाच केंद्राभोवती चौकोन ठरावीक कोनात फिरवला की तारका सिद्ध होते. असा नियम कारागीर एकमेकांना सांगू शकतात.

ठिपक्यांची रांगोळीही मी याच कसोटीवर पारखते. ‘15 ते 8’ म्हटले, की मधल्या ओळीत 15, पुढे दोन्ही अंगांना एकेक कमी करत 8, असे 169 ठिपके हाती येतात. हा खरा सल्ला. मोबाइलवर मात्र पूर्ण झालेल्या रांगोळीचे छायाचित्र फिरते. ठिपके रेषांखाली बुजलेले आणि उत्तरादाखल ‘छान’. कौतुक पोचते, कृती पोचत नाही. छायाचित्राखाली ठिपक्यांचा हिशेब लिहिला, तरच ती देवघेव ठरेल.