पायक्रीट: गोळीची चाचणी आणि राहून गेलेला प्रश्न

पाण्यात वजनाने साधारण 14 टक्के लाकडाचा लगदा मिसळून गोठवलं की पायक्रीट तयार होतं. दुसऱ्या महायुद्धात जेफ्री पाइक यांना बर्फाची विमानवाहू नौका बांधायची होती, त्यासाठी हा खटाटोप. 1943 च्या क्वेबेक परिषदेत माउंटबॅटन यांनी आधी साध्या बर्फावर आणि मग पायक्रीटवर पिस्तूल झाडलं. बर्फाचे तुकडे उडाले. पायक्रीटवरून गोळी उसळून गेली, असं सांगतात. पायक्रीटवरचे बहुतेक लेख आणि व्हिडिओ या किश्श्यावरच खूश असतात. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

चाचणी खोटी नाही, अपुरी आहे. साध्या बर्फात भेग सुटली की तिला अडवायला काही नसतं; लगद्याचे तंतू ती अडवतात. गोळीने एवढंच दाखवलं. पण नौकेला महिनोन्महिने स्वतःचं वजन पेलायचं असतं, त्याचं काय?

बर्फ कायम वितळण्याच्या उंबरठ्यावर असतो. उणे 15 अंश म्हणजे 258 केल्व्हिन, वितळणबिंदूच्या सुमारे 94 टक्के. लोखंड त्याच प्रमाणात तापवायचं तर 1400 अंशांच्या वर न्यावं लागेल. अशा लोखंडाचा पूल कोण बांधेल? म्हणूनच बर्फ भाराखाली न तुटताही हळूहळू वाकत जातो. याला क्रीप म्हणतात.

लंडनच्या स्मिथफील्ड मांसबाजाराखालच्या शीतगृहात मॅक्स पेरुट्झ यांनी पायक्रीटवर काम केलं. उणे 15 च्या आसपास ठेवलं नाही तर पायक्रीटही खचतं, हे पुढे आलं. मग शीतयंत्रणा आली, इन्सुलेशन आलं, पोलाद आलं. ‘स्वस्त आणि सोपं’ हा मूळ मुद्दाच गेला. प्रकल्प बंद पडायला इतरही कारणं होती, पण हे मोठं होतं. पेरुट्झ यांनी 1948 मध्ये हे काम हिमनद्यांच्या वाहण्याशी जोडून प्रसिद्ध केलं. मला त्या गोळीपेक्षा हे जास्त मोलाचं वाटतं.

तुम्ही घरी प्रयोग करणार असाल तर फक्त हातोडा मारून थांबू नका. पट्ट्या एकाच मापाच्या, एकाच फ्रीजरमधल्या घ्या. प्रत्येक प्रकारच्या निदान पाच, कारण बुडबुड्यांमुळे बर्फाचे आकडे फार विखुरतात. तापमान लिहून ठेवा. मग फ्रीजरमध्येच पट्टीवर वजन ठेवा आणि रोज वाक मोजा. ‘मजबूत’ लिहिण्याआधी ‘कशापुढे, किती वेळ, किती तापमानाला’ हे लिहा. गाईड तेच विचारणार आहेत.